दोष भागात की जोडात?

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत सपाट रस्ता फारसा सापडत नाही. पाबे घाट चढा, नाहीतर वरंध घाटातून महाडकडे उतरा, चढउतार काही सुटत नाहीत. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव बदलायला मान्यता दिली. नाव बदललं तरी जमीन तीच. खाली भाताची खाचरं, वर खळं, आणि मध्ये असा चढ की डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्याची पोटरी भरून येते. अशा शेतापुरती एखादी गाडी कोणी घरीच जुळवली, ओम्नीचं इंजिन, भंगारातली टाकी आणि चौकोनी पाइपांची चासी एकत्र करून, आणि ती नेमकी चढाला बंद पडू लागली, तर दोष शोधायचा कसा?

यावर दोन मतं आहेत. एक गॅरेजचं, दुसरं मोजपट्टीचं. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद रचला आहे. मामांचं भोरमध्ये गॅरेज आहे. भाची वेल्ह्याकडची, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारी. दोघंही कल्पित आहेत. पेट्रोल मात्र त्यांच्या गाडीत जसं वागतं तसंच कुठल्याही गाडीत वागतं.

भाची : मामा, माळावर गाडी तासभर फिरवली तरी काही होत नाही. खाचराकडून खळ्याकडे निघाली की निम्म्या चढावर धक्के मारते, उचल जाते आणि बंद पडते.

मामा : पेट्रोल ओढत नाही. फिल्टर बदल, कार्बोरेटर खोलून जेट हवेने मारून घे, पंपाचं किट टाक. संध्याकाळपर्यंत गाडी चालू.

भाची : आणि चालू झाली तर दोष या तिघांपैकी कशात होता?

मामा : ते कळून काय करायचंय? फिल्टर स्वस्त असतो, माझा तास महाग. गिऱ्हाइकाला गाडी हवी असते, कारण नको असतं. वरंध घाट चढून आलेली गाडी दारात उभी असते, आत लहान पोरं असतात. तिथे मी तीन तास निदान करत बसलो तर लोक मला मेकॅनिक म्हणणार नाहीत.

भाची : गॅरेजात ते बरोबर आहे. पण तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडली, तर आपण जिथे होतो तिथेच. उलट एक नवी शंका वाढलेली असते, की नवीन टाकलेल्या भागातच काही खोट आहे का.

मामा : खोट असते हेही खरं. बाजारात पंपाची किटं कसली येतात ते मला विचार. बरं, आधी हे सांग, पेट्रोलच कमी पडतंय हे कशावरून? करंट जात नसेल कशावरून?

भाची : तुम्हीच तर म्हणालात, पेट्रोल ओढत नाही.

मामा : मी तुझ्या सांगण्यावरून म्हणालो. करंट गेला की इंजिन एकदम मरतं, कुणी चावी काढल्यासारखं. पेट्रोल कमी पडलं की ते धक्के खात, ताकद सोडत मरतं. तू धक्के म्हणालीस, म्हणून मी पेट्रोल धरलं. कॉइल गरम होऊनही कधीकधी असंच होतं.

भाची : मग ते तपासून घेऊ. बंद पडली की तिथल्या तिथे हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे, एअर क्लीनरचं झाकण काढायचं आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढायची. पेट्रोलची पिचकारी उडाली तर बाऊलमध्ये पेट्रोल आहे, मग करंटकडे वळायचं. कोरडं असेल तर पेट्रोलच. पण हे सेल्फ मारायच्या आधी करायचं. एकदा सेल्फ मारला की पंप बाऊल भरायला लागतो आणि पुरावा जातो.

मामा : हे चांगलं आहे. मीही करतो, फक्त त्याला पुरावा म्हणत नाही. आता मी विचारतो त्याचं नीट उत्तर दे. बंद पडल्यावर गाडी परत कधी सुरू होते? जागेवर थांबल्यावर, की मागे सपाटीला सोडल्यावर?

भाची : सपाटीला सोडल्यावर. दोन-तीन सेल्फमध्ये लगेच.

मामा : जागेवर दहा मिनिटं थांबलीस तर?

भाची : तिथे नाही होत. सेल्फ मारून बॅटरी बसते.

मामा : झालं. मग उष्णतेचं कारण मागे पडलं. गरम होऊन नळीत वाफ धरली असती तर थंड झाल्यावर गाडी जागेवरच सुरू झाली असती. तिला थांबणं नको आहे, सपाटी हवी आहे.

एका प्रश्नात निम्मी कारणं बाजूला पडली. असा प्रश्न पुस्तकातून सुचत नाही. बंद पडलेल्या शेकडो गाड्या पाहिलेल्या माणसाला तो सुचतो, आणि मामांच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण भाचीच्या मनातला मुद्दा याच्याही मागचा होता.

भाची : मामा, तुमच्याकडे येणारी प्रत्येक गाडी कधी ना कधी नीट चालत होती. कारखान्यातून निघाली तेव्हा टाकी कुठे, नळी किती जाड, पंप केवढा, हे सगळं एकमेकांना जुळलेलं होतं. नंतर त्यातलं काहीतरी झिजलं, तुंबलं, फाटलं. म्हणून तुम्ही बिघडलेला भाग शोधता, आणि ते बरोबरच आहे. ही गाडी मात्र या चढावर एकदाही नीट चढलेली नाही. हिच्यात काही बिघडलंच नसेल. सगळे भाग चांगले असतील आणि आम्ही ते जोडतानाच चूक केली असेल.

मामा : म्हणजे माझा अनुभव इथे फुकट?

भाची : फुकट नाही. पण तुमचा अनुभव सांगतो काय खराब होतं. मला आधी हे बघायचंय की काय कधी बरोबर नव्हतंच.

मामा : तुझी गाडी नवी असेल, तिच्यातला एकही तुकडा नवा नाही. ओम्नीचं इंजिन, ते किती वर्षं पळलंय देव जाणे. टाकी भंगारातली, तिच्यात किती पावसाळ्यांचा गंज बसलाय? प्रत्येक तुकडा आपलं दुखणं घेऊन आलाय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकीपासून सुरुवात कर.

भाची : टाकीपासूनच करते. पण आधी इंजिनाला किती लागतं ते काढलं पाहिजे. ७९६ सीसीचं इंजिन, कार्बोरेटरवालं, ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. पूर्ण ताकद लावली तर तासाला दहा-साडेदहा लिटर पेट्रोल जाळेल. म्हणजे मिनिटाला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर.

मामा : एवढंच?

भाची : एवढंच. माळावर याच्या चौथाईही लागत नाही, म्हणून पंपाकडे पेट्रोल कमी आलं तरी तिथे कळत नाही. आता कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये समजा चाळीस मिलिलिटर पेट्रोल असतं. चढावर इंजिन मिनिटाला पावणेदोनशे मागतंय आणि पंप शंभरच देतोय. कमी पडलेले पंचाहत्तर दर मिनिटाला बाऊलमधून जातात. चाळीस मिलिलिटर किती वेळ पुरेल? जेमतेम अर्धा मिनिट. पंपाकडून काहीच आलं नाही, तर पंधरा सेकंदही नाही.

मामा : आणि अर्ध्या मिनिटात गाडी निम्म्या चढावर पोचते.

भाची : तेच म्हणतेय. गाडी चढाच्या तोंडाशी मरत नाही, निम्म्यावर मरते. बाऊल रिकामा व्हायला तेवढाच वेळ लागतो.

मामा : हे मला पटलं. तीस वर्षं बघतोय, गाडी घाटात थोडी चढून मग मरते. हिशेब कधी मांडला नव्हता. पण मला सांग, पंप शंभर देतोय की दोनशे, हे तू मोजलंस?

भाची : मोजलं. कॉइलची वायर काढली, पंपाची पुढची नळी बाटलीत सोडली आणि दहा सेकंद सेल्फ मारला. व्यवस्थित येतं.

मामा : कुठे मोजलंस?

भाची : घरासमोर.

मामा : सपाटीला. टाकीत किती होतं?

भाची : आदल्या दिवशीच भरली होती.

मामा : म्हणजे जिथे गाडी कधी बंद पडत नाही, तिथे तू मोजलंस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुझा आकडा खरा असेल, पण तो दुसऱ्याच गाडीचा आहे.

भाची : आणि सेल्फवर पंप हळू चालतो, त्याला कॅमशाफ्ट ढकलतो. म्हणजे त्या आकड्यावरून पळणाऱ्या इंजिनाला किती मिळतं हेही कळत नाही. तो आकडा फक्त दुसऱ्या तशाच आकड्याशी ताडून बघायचा.

मामा : मग ताडून बघ. चढावर मोज.

भाची : खाचराच्या चढावर उघड्या पेट्रोलची बाटली धरून बसू? गाडी मागे आली तर?

मामा : चढावर जायला कोण सांगतंय? चढ घरी आण. चढ केवढा आहे तुझा?

भाची : आठास एक. आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर.

मामा : पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर?

भाची : दोन मीटर.

मामा : मग पुढची चाकं वीतभर उचल.

भाची : पंचवीस सेंटीमीटर. झाला आठास एक.

मामा : ओसरीच्या पायरीसमोर जाड फळ्या टाक, पुढची चाकं वर घे, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव, हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रल. गाडी अंगणात आणि पेट्रोल घाटात.

या एका गोष्टीसाठी हा संवाद वाचावा असं मला वाटतं. जिथे दोष दिसतो तिथली परिस्थिती सुरक्षित जागी उभी करणं, हे निदानाचं निम्मं काम आहे. मोजमापाशिवाय मामांना चढ किती उचलायचा ते कळलं नसतं, आणि मामांच्या प्रश्नाशिवाय भाचीने चढ उचललाच नसता. पुढचं काम मात्र शिस्तीचं होतं. चार वेळा मोजायचं, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची.

भाची : पहिलं माप सपाटीला, टाकी भरलेली. दुसरं चढावर, टाकी भरलेली. मग टाकी चौथाईवर आणायची. तिसरं माप चौथाईला चढावर, चौथं चौथाईलाच सपाटीला. दर वेळी दहा सेकंदच सेल्फ, मध्ये मोटर थंड होऊ द्यायची. आणि पंपाच्या अलीकडे पेट्रोल सोसणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवायचा, म्हणजे बुडबुडे दिसतील.

मामा : आकडा कशात कमी येईल, पैज लावतेस?

भाची : पैज नको, हिशेब करू. टाकी साठ सेंटीमीटर लांब आणि वीस उंच. चौथाई म्हणजे तळाशी पाच सेंटीमीटर पेट्रोल. आठास एकच्या चढावर पेट्रोल मागे सरकतं. टाकीच्या दोन टोकांत साडेसात सेंटीमीटरचा फरक पडतो, मध्यापासून दोन्हीकडे पावणेचार-पावणेचार. मागच्या टोकाला पावणेनऊ, पुढच्या टोकाला सव्वा.

मामा : आणि पेट्रोल ओढणारी आतली नळी कुठे आहे?

भाची : पुढच्या टोकाला. तळापासून दोन सेंटीमीटर वर.

मामा : पेट्रोल सव्वा, नळी दोनला. म्हणजे हवा ओढतेय.

भाची : हवा ओढतेय.

मामा : अगं, पण टाकी बनवणाऱ्याने नळी पुढच्या टोकाला कशी ठेवली?

भाची : त्याने मागेच ठेवली होती. टाकी आम्ही उलटी बसवली. पेट्रोल भरायचं तोंड बाहेरच्या बाजूला यावं म्हणून फिरवली.

मोजलेले आकडेही हेच सांगतात. टाकी भरलेली असताना सपाटीचं आणि चढाचं माप जवळजवळ सारखं येतं. चौथाईला सपाटीवर थोडं कमी, आणि चौथाईला चढावर नळीतून पेट्रोलऐवजी फेसच येतो. टाकी चांगली, आतली नळी चांगली, पंप चांगला. तोंड बाहेर यावं हा निर्णयही वाईट नाही. फक्त त्याने नळी चुकीच्या टोकाला गेली, आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मात्र एक गोष्ट अजून उलगडायची होती. टाकी भरलेली असतानाही पारदर्शक नळीत मधूनमधून बारीक बुडबुडे येत होते.

मामा : याला दुसरं कारण आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कुठेतरी जोड हवा धरतोय.

भाची : पण कुठे थेंबही गळत नाही. मी सगळीकडे पांढरा कागद लावून बघितला.

मामा : गळणार कसं? पंपाच्या अलीकडची नळी ओढीत असते. भेग असली तर पेट्रोल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. गळती दिसते ती पंपाच्या पलीकडच्या बाजूला. अलीकडे कोरडी, सुकी दिसणारी नळीच चोर निघते. टाकीवर नळी चढवलीस तिथला क्लॅम्प बघ. आणि ती नळी पेट्रोलचीच आहे ना? पाण्याची नाही ना?

भाची : आतून मऊ पडलीय. ओळखू येत नाही कसली आहे.

मामा : मग ती काढून टाक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये ती अजून लवकर सडेल.

भाची : २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांतलं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नाही. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, आणि वेल्ह्याच्या पावसात चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. नळी नेमकी तिथूनच ओढते.

मामा : म्हणून पावसाळ्यानंतर टाकी खाली करून बघायची, न बघता सेल्फ मारायचा नाही.

भाची : अजून एक. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. वीस टक्के मिश्रणाला १३.५ च्या आसपास पुरतात. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो. कार्बोरेटरचा जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचा, तो आपोआप मोठा होत नाही. तेव्हा चढावर ताकद कमी वाटली, तर सगळा दोष पुरवठ्यावर ढकलायचा नाही.

मामा : ते शेवटी. आधी टाकीचं झाकण. त्यातून हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार नाही. बंद पडल्या पडल्या झाकण उघड. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर दोष झाकणात. दहा सेकंदांचं काम, आणि लोक पंप बदलून बसतात.

भाची : झाकण मी बघितलं, ठीक आहे. उष्णतेसाठी तुमची जुनी चाचणीही करते. पंपावर ओलं फडकं टाकायचं. त्याने फरक पडला तर नळी सायलेन्सरपासून दूर न्यायची.

मामा : मग एवढं सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रिक पंप टाकून मोकळी हो ना. टाकीजवळ बसवला की मागून ढकलतो. ओढ नाही, हवा नाही.

भाची : आता तुम्ही भाग बदलायला निघालात! आतली नळी उघडी पडली तर इलेक्ट्रिक पंपही हवाच ढकलेल. आणि तो कुठला घ्यायचा? कार्बोरेटरला अगदी कमी दाब पुरतो, पाव बारच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीचा पंप अडीच-तीन बार देतो. तो लावला तर फ्लोटची सुई दाबाखाली उघडी राहील आणि पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येईल, तेही तापलेल्या इंजिनावर.

मामा : हे मी बघितलंय. बॉनेट उघडेपर्यंत आग लागलेली.

भाची : शिवाय वायर. घरी बनवलेल्या गाडीत वायर बारीक असते, अर्थिंग रंगावरच टेकवलेलं असतं. बॅटरीवर बारा व्होल्ट दिसतात आणि पंपाच्या टोकाला दहाच पोचतात. म्हणून व्होल्टेज पंपाच्या टर्मिनलवर मोजायचं, पंप चालू असताना. आणि इंजिन थांबलं की पंप थांबलाच पाहिजे, अशी सोय हवी. नाहीतर गाडी उलटली तरी पंप पेट्रोल ओतत राहील.

मामा : मग टाकी सुलटी करू आणि नळी मागच्या टोकाला घेऊ.

भाची : आणि जोड नवीन. आधी टाकी, मग मोजायचं. नंतर जोड, पुन्हा मोजायचं. दोन्ही एकदम करायचं नाही.

मामा : दोन्ही एकदम केलं तर एक तास वाचतो.

भाची : आणि दोहोंपैकी कशाने सुधारलं हे कायमचं कळत नाही. मामा, या गाडीचं पुस्तक कुठल्याच कंपनीने छापलेलं नाही. आम्ही वहीत लिहू तेवढंच तिचं पुस्तक.

मामांनी यावर वाद घातला नाही. पेट्रोल हाताळताना जिवावर बेतणाऱ्या सवयींवर मात्र ते बराच वेळ बोलले, आणि इथे दोघांचं पूर्ण एकमत होतं.

मामा : आम्ही तरुणपणी नळी तोंडाने ओढायचो. तू ते करू नकोस. घोट फुप्फुसात गेला तर माणूस दगावतो. टाकीला भोक पडलं तर वेल्डिंग नाही, कितीही दिवस रिकामी असली तरी नाही. आतली वाफच स्फोट करते.

भाची : आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात, पिटमध्ये साठते. म्हणून माप घ्यायचं ते उघड्या अंगणात, इंजिन थंड असताना, कॉइलची वायर काढून. बाटली काचेची नाही. जवळ पावडरचं अग्निशामक. आणि चुलीपासून लांब.

मामा : चुलीचं विसरतात लोक. अंगणात गाडी असते आणि पलीकडे पाणी तापत असतं.

आता शेवटचा वाद. अशी गाडी मुळात बनवावीच का? मामांचं मत पक्कं होतं आणि त्याला इतिहासाचा आधार होता.

मामा : बनवावी. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, साठेक हजारांत. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या देशाने तिचा व्हिडिओ बघितला आणि आनंद महिंद्रा यांनी त्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. आणि त्याच्या कितीतरी आधी इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली, एकामागून एक नमुने काढले. बाजारात ती आली नाही, पण इचलकरंजीसारख्या गावात माणूस मोटार बनवू शकतो हे त्यांनी दाखवलं. तिथे कुठला कॉम्प्युटर होता?

भाची : त्यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण एकामागून एक नमुने काढायचे म्हणजे आधीच्या नमुन्यात काय चुकलं हे नेमकं माहीत असायला हवं. आमच्या कॉलेजांची मुलं पीथमपूरच्या बाहा स्पर्धेत स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन जातात. भारतात ती २००७ पासून होते. तिथे गाडी पळवण्याआधी तपासणी असते, आणि इंधनाची टाकी, नळ्या हे सगळं बघितल्याशिवाय गाडी मैदानात जात नाही. हातात कला असली तरी ही तपासणी चुकत नाही.

मामा : आणि ही गाडी रस्त्यावर?

भाची : रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदणीसाठी नमुन्याची चाचणी एआरएआयसारख्या मान्य संस्थेत व्हावी लागते. ती संस्था पुण्यातच आहे, १९६६ पासून. पण एका गाडीसाठी तो खर्च शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. आमची गाडी आमच्या बांधाच्या आत. खाचरातून खळ्यापर्यंत.

मामा : मग बांधाच्या आत तरी ती बंद पडता कामा नये.

इथे संवाद संपतो. आता माझं मत.

कारखान्यातून आलेल्या गाडीचं आणि घरी जुळवलेल्या गाडीचं निदान एकाच पद्धतीने करता येत नाही. पहिलीत विचारायचं, काय बिघडलं? दुसरीत त्याआधी विचारायचं, हे कधी जुळलेलं होतं का? गॅरेजातल्या माणसाचा अनुभव बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचं उत्तर अचूक देतो. पण घरच्या गाडीत तोच अनुभव चांगले भाग बदलायला लावतो, पैसे जातात आणि दोष जागेवर राहतो. उलट नुसती मोजणी सोप्या जागी, सोप्या वेळी केली तर तीही निर्दोष आकडे देऊन फसवते. म्हणून माझा कौल मोजमापाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. मोजायचं ते जिथे गाडी मरते तिथल्या परिस्थितीत, आणि ती परिस्थिती कोणती हे ठरवताना मामांसारख्या माणसाला आधी विचारायचं.

भोर-वेल्ह्याच्याच नव्हे, कुठल्याही गावात गाडी जुळवणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. टाकी बसवण्याआधी ती चढावर कशी कलंडेल याचं चित्र कागदावर काढा. कुठला तुकडा कुठल्या गाडीचा, कधी आणि का तसा बसवला, ते वहीत लिहा. आणि गाडी बंद पडली तर पाना हातात घेण्याआधी ती वही उघडा, कारण पुष्कळदा दोष तुम्ही जोड मारला त्याच जागी सापडतो.